घरच्या घरी सौर वॉटर हीटर: सुरुवात टाकीपासून, काच सगळ्यात शेवटी

घरी बांधलेल्या सौर हीटरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. दुपारी पॅनलच्या वरच्या नळीला हात लावला तर चटका बसतो, आणि टाकीतलं पाणी मात्र कोमट. मग माणूस काळ्या रंगाचा आणखी एक हात देतो, पत्रा बदलतो, दुसरी काच चढवतो. दोष तिथे नसतोच. उष्णता तयार झालेली असते, ती टाकीपर्यंत पोचत नसते.

असं होतं कारण बांधायचा क्रम उलटा असतो. पॅनल बनवायला मजा येते, म्हणून ते आधी बनतं. मग ते जिथे मावेल तिथे ठेवलं जातं आणि उरलेल्या जागेत टाकी कशीतरी बसवली जाते. पंपाशिवाय चालणाऱ्या हीटरमध्ये पाणी फिरतं ते फक्त गरम पाणी हलकं असतं म्हणून. त्याला थर्मोसायफन म्हणतात. हा जोर किती? पॅनलचा मध्य आणि टाकीचा मध्य यांच्या उंचीत एक मीटरचा फरक असेल आणि एका बाजूला ३० अंशांचं तर दुसऱ्या बाजूला ५० अंशांचं पाणी असेल, तर जेमतेम ७-८ मिलीमीटर पाण्याच्या दाबाइतका. एवढ्या जोराला हवेचा एक बुडबुडाही अडवू शकतो. पुढचं सगळं वाचताना हा आकडा डोक्यात असू द्या.

खालची मापं १०० लिटरची टाकी आणि सपाट पॅनल धरून दिली आहेत.

टप्पा १: कागदावरचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायचं तर सुमारे १४,६५० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत साधारण ४ युनिट. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर ५ युनिटांच्या आसपास ऊर्जा पडते. घरी नीट बनवलेलं पॅनल त्यातली ४० ते ४५ टक्के पाण्यात उतरवतं. म्हणजे १०० लिटरसाठी २ चौरस मीटर पॅनल हवं: २ मीटर लांब, १ मीटर रुंद.

इथे दोन प्रकारची हाव आडवी येते. एक, घरात २०० लिटरची टाकी पडून आहे म्हणून तीच २ चौरस मीटरच्या पॅनलला जोडायची. मग २०० लिटर कोमट पाणी मिळतं, जे कुणालाच नको असतं. दुसरी, टाकी लहान आणि पॅनल मोठं. मग उन्हाळ्यात पाणी उकळून वाफ बाहेर पडत राहते. दोन्ही टाळा.

टप्पा २: उंचीची साखळी (सामान आणायच्या आधी)

हा टप्पा टाळून पुढे गेलात तर बाकीचं काम कितीही सुबक करा, उपयोग नाही. गच्चीवर टेप आणि खडू घेऊन जा आणि खालून वर मोजत या.

पॅनलचा खालचा काठ जमिनीपासून ३० सेंटीमीटर, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि निचऱ्याचा कॉक बसतो. पॅनल २ मीटर लांब आणि ३० अंशांत कलतं, म्हणजे त्याचा वरचा काठ खालच्या काठापेक्षा १ मीटर उंच येतो. तिथून टाकीच्या तळापर्यंत कमीत कमी ३० सेंटीमीटर, शक्यतो ४५. मग टाकी: ४० सेंटीमीटर व्यासाची आणि ८० सेंटीमीटर उंचीची टाकी १०० लिटरची होते. बेरीज २ मीटर ५५ सेंटीमीटर. आणि घरातली थंड पाण्याची टाकी, जिच्यातून या गरम टाकीत पाणी येणार आहे, तिचा तळ याच्याही वर हवा.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. थंड पाण्याची टाकी गच्चीवर फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर असते. तसं असेल तर तीन वाटा आहेत. गरम टाकी आडवी ठेवा, ४० सेंटीमीटर लगेच वाचतात. उभ्या टाकीत गरम आणि थंड पाण्याचे थर जास्त नीट वेगळे राहतात, तेवढं नुकसान सोसा. दुसरी वाट, पॅनल खालच्या पातळीवर, म्हणजे खालच्या गच्चीवर किंवा छज्जावर न्या. तिसरी, गरम टाकीच्या वर फ्लोट वॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता वॉल्व्ह) लावलेली छोटी टाकी बसवा आणि ती पंपाने भरू द्या. काहीही करा, पण आत्ता ठरवा.

टाकीचा तळ पॅनलच्या माथ्यापेक्षा उंच का लागतो, याचं उत्तर रात्री मिळतं. रात्री पॅनल आकाशाकडे उष्णता फेकून थंड होतं. टाकी त्याच्या बरोबरीला असेल तर टाकीतलं गरम पाणी उलटं पॅनलमध्ये येऊन थंड होत राहतं. सकाळी तुम्ही म्हणता टाकी गळकी दिसते, उष्णता टिकत नाही. टाकी ठीक असते. नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावून हे थांबवू असं वाटतं, पण बाजारातला बहुतेक प्रत्येक वॉल्व्ह उघडायला ७-८ मिलीमीटरपेक्षा जास्त दाब मागतो. मग दिवसाचं फिरणंही बंद.

कल किती द्यायचा? हिवाळ्यात जास्त पाणी हवं असतं, म्हणून जागेच्या अक्षांशात १० ते १५ अंश मिळवा. अक्षांश २० असेल तर ३० ते ३५. कोनमापक लागत नाही: २ मीटरच्या पॅनलचा माथा १ मीटर उचलला की ३० अंश, १ मीटर १५ सेंटीमीटर उचलला की ३५. तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. होकायंत्रावर अवलंबून राहू नका, गच्चीवरच्या सळया त्याला फसवतात. एक काठी ओळंब्यात उभी करा. तिची दिवसातली सगळ्यात आखूड सावली खरी दक्षिणोत्तर रेषा दाखवते. १०-१५ अंश इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही.

> तपासा: सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात पॅनलच्या जागी कशाची सावली येते ते पाहा. उन्हाळ्यात पाहिलेली मोकळी जागा हिवाळ्यात शेजारच्या भिंतीच्या सावलीत असू शकते.

> सावधान: भरलेल्या टाकीचं वजन स्टँडसकट १३० किलोच्या पुढे जातं. तिचे पाय तुळईवर किंवा भिंतीवर येऊ द्या, स्लॅबच्या मधोमध नको. वारा पॅनलला शिडासारखं उचलतो, म्हणून पायांना काँक्रीटचे ठोकळे बांधा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडू नका.

टप्पा ३: सामान, आणि काय आणायचं नाही

नळ्या तांब्याच्या: उभ्या नळ्या अर्ध्या इंची, वरची-खालची आडवी नळी, म्हणजे हेडर, एक इंची. पत्रा तांब्याचा ०.३ मिलीमीटर किंवा ॲल्युमिनियमचा ०.५. काच ४ मिलीमीटरची टफन्ड (तापवून मजबूत केलेली). पाठीमागे ५० मिलीमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), बाजूंना २५. पेटी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची किंवा ॲल्युमिनियम सेक्शनची.

आता न आणायच्या गोष्टी, कारण चुका इथेच होतात.

थर्माकोल नको. पाणी फिरत नसलेलं पॅनल भर उन्हात १२० ते १५० अंशांवर जातं आणि थर्माकोल त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतो. माझ्या पहिल्या पॅनलमध्ये मी तो हौसेने भरला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पेटी उघडली तेव्हा पाठीमागे पोकळी होती आणि खालच्या कोपऱ्यात अक्रोडाएवढे कडक पिवळे गोळे.

पीव्हीसी पाइप नको. तो ६० अंशांच्या पुढे आपल्याच वजनाने वाकतो. सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा पाइप) टाकीपासून नळापर्यंत चालेल, पण पॅनलच्या लगतच्या मीटरभर भागात तांबंच ठेवा. प्लायवुडची पेटी नको: उष्णतेने वाळून तिचे पापुद्रे सुटतात. प्लॅस्टिकची काळी पाण्याची टाकी गरम टाकी म्हणून नको. शिशाचा डाख नको, हे पाणी तोंडात जाऊ शकतं, कथील-तांब्याचा बिनशिशाचा डाख घ्या.

आणि काळ्या नळीचं वेटोळं नको. गच्चीवर गुंडाळून ठेवलेल्या नळीतून गरम पाणी येतं हे खरं, पण ते नळीत मावेल तेवढंच. लांबलचक एकाच नळीतून थर्मोसायफन चालत नाही, ७-८ मिलीमीटरचा जोर तेवढं घर्षण ओढू शकत नाही. म्हणून शिडी: वर एक हेडर, खाली एक हेडर, मधे समांतर नळ्या.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून काचेची ऑर्डर आत्ता देऊ नका. पेटी तयार झाल्यावर तिचं आतलं माप घ्या, मग द्या.

टप्पा ४: नळ्यांची शिडी

१ मीटर रुंदीत ९ उभ्या नळ्या, मध्यापासून मध्यापर्यंत ११ सेंटीमीटर. अंतर वाढवून तांबं वाचवता येतं, पण मग दोन नळ्यांच्या मधला पत्रा तापून बसतो आणि त्याची उष्णता नळीपर्यंत येण्याऐवजी काचेतून बाहेर जाते.

१. दोन्ही हेडर एकत्र बांधून एकदमच खुणा करा. वेगवेगळ्या खुणा केल्या की शिडी तिरकी होते.

२. भोकं पाडा, कडा कानसीने साफ करा, आतली बुरी काढा. नळी हेडरमध्ये २-३ मिलीमीटरच घुसू द्या. जास्त आत गेली तर हेडरमधला रस्ता अडतो.

३. जोडाचा भाग सँडपेपरने चमकवा, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) लावा आणि आधी नळी तापवा. डाखाची तार ज्योतीत धरू नका, तापलेल्या तांब्याला टेकवा. तांबं पुरेसं गरम असेल तर डाख आपोआप फटीत ओढला जातो. वर थेंब बनून बसला तर जोड थंड आहे.

४. पाणी खालच्या हेडरच्या एका टोकातून आत येईल आणि वरच्या हेडरच्या विरुद्ध टोकातून बाहेर जाईल. उरलेली दोन टोकं बंद. तिरपं जोडल्यामुळे सगळ्या नळ्यांचा रस्ता सारख्या लांबीचा होतो. एकाच बाजूने आत आणि बाहेर नेलं की पाणी जवळच्या दोन-तीन नळ्यांतून फिरतं आणि लांबच्या नळ्या नुसत्या तापत राहतात.

> तपासा: शिडी भिंतीला उभी टेकवा आणि वरच्या हेडरमध्ये गरम पाणी हळूहळू ओता. नऊही नळ्यांवरून हात फिरवा. जी गार राहील ती तुंबलेली आहे. माझ्या दोन नळ्या अशाच सापडल्या: आत डाखाचा गोळा उतरला होता. पत्रा चढल्यावर हा दोष कधीच सापडला नसता.

टप्पा ५: पत्रा आणि नळीची गाठ

तांबं उष्णता पुढे न्यायला ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, पोलादाच्या सात-आठपट चांगलं. पण नळी आणि पत्रा यांच्यात कागदाएवढी फट राहिली तर या आकड्यांना काही अर्थ नाही. घरच्या पॅनलची कमाई किंवा तोटा ठरतो तो याच फटीवर. महागड्या रंगाने किंवा आरशांनी तो भरून निघत नाही.

लाकडाच्या फळीत नळीच्या मापाची अर्धगोल खाच करा. ११ सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी तिच्यावर ठेवा, वर नळीच्याच जाडीची सळई ठेवून लाकडी हातोड्याने ठोका. पट्टीत नळी मावेल अशी पन्हळ तयार होते. पन्हळ नळीला निदान अर्ध्या घेराने धरेल इतकी खोल हवी. तांब्याची पट्टी असेल तर पूर्ण लांबीभर डाख द्या. ॲल्युमिनियमला साधा डाख लागत नाही. तिथे पन्हळीत उष्णतावाहक पेस्ट भरून दर १५ सेंटीमीटरवर पट्टीच्या क्लिपा घट्ट करा. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून पेटी कोरडी राहिलीच पाहिजे.

रंग आधी लावून मग पट्टी बसवायची चूक करू नका. फटीतला रंग उष्णता अडवतो.

> तपासा: गार सकाळी शिडीत गरम पाणी सोडा आणि एकेका पट्टीच्या कडेला बोटं ठेवा. काही सेकंदांत कडेपर्यंत ऊब आली पाहिजे. मधेच गार पट्टा लागला तर तिथे पत्रा नळीला चिकटलेला नाही.

टप्पा ६: दाबाची चाचणी, मग रंग

शिडीत पाणी पूर्ण भरा, टोकं बंद करा, हातपंपाने २ बार दाब द्या आणि अर्धा तास काटा पाहा. प्रत्यक्ष वापरात दाब याच्या पाव भागाहून कमी असतो, पण बारीक छिद्र कमी दाबावर दिसत नाही. कंप्रेसरने हवा भरून ही चाचणी करू नका. पाण्याचा जोड सुटला तर कपडे भिजतात, हवेचा सुटला तर तुकडा उडतो.

चाचणी झाल्यावर फ्लक्स धुऊन टाका, तो राहिला तर तांब्यावर हिरवा थर चढतो. पत्रा सँडपेपरने खरखरीत करा आणि उष्णता सोसणारा मॅट काळा रंग पातळ मारा. जाड थर सुंदर दिसतो, पण उष्णतेला आतच येऊ देत नाही आणि लवकर सोलतो. चकचकीत काळा तर नकोच.

रंग वाळला तरी काच लावू नका. पॅनल २-३ दिवस उघडंच उन्हात ठेवा. रंगातलं उरलेलं द्रावण उडून जाऊ द्या, नाहीतर ते काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखं बसतं आणि पुसायला हात जात नाही.

टप्पा ७: पेटी आणि काच

पेटीच्या तळाशी रॉकवूल पसरा. दाबून बसवू नका, त्यातली अडकलेली हवाच उष्णता अडवते. हातमोजे आणि मास्क घाला. रॉकवूलवर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर शिडी. शिडी पेटीला घट्ट आवळू नका. २ मीटर तांबं १०० अंशांनी तापलं की सुमारे साडेतीन मिलीमीटर वाढतं. हेडर जिथे पेटीतून बाहेर येतो तिथलं भोक त्यासाठी मोठं ठेवा आणि सिलिकॉनच्या रबराने झाका.

पेटीच्या सगळ्यात खालच्या काठाला ५ मिलीमीटरची तीन-चार भोकं हवीत. पेटी हवाबंद केली तर आत दव साचतं आणि दुपारपर्यंत काच धुरकट राहते. पाऊस वरून येतो, भोकं खाली ठेवा.

आता काचेचं माप. चारही बाजूंना ३ मिलीमीटर मोकळीक सोडा. पत्रा आणि काच यांच्यात २५ मिलीमीटर अंतर. खाली-वर ईपीडीएम रबराची पट्टी, वरून ॲल्युमिनियमचा कोन. ४ मिलीमीटरच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला १० किलो भरतं, तेव्हा २० किलोची काच एकट्याने उचलू नका. कडेने पाहिली तर हिरवी दिसणारी काच लोहाचा अंश जास्त असलेली, फिकट दिसणारी बरी.

दुहेरी काचेबद्दल बरेच जण विचारतात. प्रत्येक साधी काच १२ ते १५ टक्के ऊन परत पाठवते किंवा गिळते. कडाक्याची थंडी नसेल तर दुसरी काच घेण्यापेक्षा तोच खर्च टाकीच्या आवरणावर करा.

टप्पा ८: टाकी

स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची. तिला पाच तोंडं हवीत आणि त्यांच्या जागा बदलून चालत नाहीत. थंड पाणी तळाशी आत, आडवं पसरेल अशा टी-सह. सरळ वर उडालं तर थर ढवळतात. पॅनलकडे जाणारं पाणी तळातून बाहेर. पॅनलमधून परत येणारं दोन-तृतीयांश उंचीवर आत. नळाकडे जाणारं माथ्याजवळून. आणि माथ्यातून हवेची नळी.

हवेची नळी हा टाकीचा जीव आहे. २० अंशांचं १०० लिटर पाणी ८० वर गेलं की पावणेतीन लिटर वाढतं. तेवढ्याला वाट हवी. ही नळी थंड टाकीच्या पूर्ण भरल्या पातळीपेक्षा निदान ५० सेंटीमीटर वर न्या आणि तोंड खाली वळवा. बरोबर पातळीला ठेवून भागत नाही: गरम पाणी हलकं असल्याने दोन मीटरच्या स्तंभात ते ४ सेंटीमीटर जास्त चढतं आणि नळी सतत ठिबकत राहते.

> सावधान: हवेच्या नळीवर कॉक, झाकण, वॉल्व्ह, काहीही लावू नका. ही नळी बंद असलेली टाकी फुटू शकते.

आवरण ५० मिलीमीटर रॉकवूलचं, वर पत्रा. ५५ अंशांची टाकी २० अंशांच्या रात्री अशा आवरणात १२ तासांत साडेतीन-चार अंशच गमावते. टाकीचे पाय आणि नळ्यांची तोंडंही गुंडाळा. लोक टाकी गुंडाळतात आणि तोंडं उघडी सोडतात. तांबं आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड थेट जोडू नका, मधे पितळेचा तुकडा घाला.

टप्पा ९: जोडणी, म्हणजे उतार

पॅनल आणि टाकीमधल्या दोन्ही नळ्या एक इंची. पॅनलमधून निघालेली गरम नळी टाकीपर्यंत सतत चढती, टाकीतून येणारी थंड नळी पॅनलच्या तळापर्यंत सतत उतरती. दर मीटरला निदान २ सेंटीमीटर, जमलं तर ४. कुठेही आडवी नाही, आणि उंटाच्या पाठीसारखी वर जाऊन खाली तर मुळीच नाही. तापलेल्या पाण्यातली विरघळलेली हवा सुटून त्या उंचवट्यात जमते आणि फिरणं थांबतं.

पॅनलही पाणसळीत बसवू नका. बाहेर पडणाऱ्या बाजूचा कोपरा दुसऱ्यापेक्षा १ ते २ सेंटीमीटर उंच ठेवा, म्हणजे हेडरमधली हवा स्वतःच निघून जाते. दुरून पाहणाऱ्याला पॅनल वाकडं बसवलंय असं वाटेल, वाटू द्या. माझ्याकडे एका मदतीला आलेल्या हुशार माणसाने ते “सरळ” करून दिलं होतं, आणि आठवडाभर मला कळेना की काल चालणारा हीटर आज का रुसला.

काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे ४५ अंशांचे दोन. कॉक पूर्ण भोकाचे बॉल वॉल्व्ह. पॅनलच्या दोन्ही बाजूंना युनियन (चक्री फिरवून सोडवता येणारा जोड), सगळ्यात खाली निचऱ्याचा कॉक. थंड टाकीतून येणारी नळी गरम टाकीत शिरण्याआधी ३० सेंटीमीटर खाली उतरून मग आत जाऊ द्या, म्हणजे गरम पाणी तिच्यातून वर चढत नाही.

> तपासा: नळ्या गुंडाळण्याआधी पूर्ण लांबीवर पाणसळ सरकवत जा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गुंडाळल्यावर पोट आलेली नळी दिसत नाही.

टप्पा १०: भरणं आणि पहिला दिवस

सूर्योदयाआधी भरा, किंवा पॅनल जाड कापडाने झाकून. १४० अंशांवर तापलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडलं की वाफेचा फवारा येतो आणि डाखाचे जोड हादरतात. खालच्या बाजूने हळूहळू भरू द्या. निचऱ्याचा कॉक उघडून थोडं पाणी वाहू द्या, मग वरच्या युनियनची चक्री किंचित सैल करा. फुसफुस थांबून सलग पाणी यायला लागलं की आवळा.

झाकण काढल्यावर तासा-दीड तासाने दोन्ही नळ्यांना हात लावा. वरची नळी खालचीपेक्षा १० ते २० अंश गरम असेल तर पाणी फिरतंय. फरक ४० च्या वर आणि पॅनलमधून टकटक आवाज: हवा अडकली किंवा उतार चुकला. दोन्ही सारख्याच गार: कॉक बंद आहे का पाहा, हसू नका, हे होतं.

संध्याकाळी टाकीचं तापमान लिहा, कुणी पाणी न वापरता सकाळी परत लिहा. ४-५ अंश उतरलं तर उत्तम. १०-१२ उतरलं तर पहाटे पॅनलच्या वरच्या नळीला हात लावा. ती कोमट लागली तर उलटं फिरणं चालू आहे, टाकी आणखी उचला. गार लागली तर आवरणात पाणी शिरलंय.

> सावधान: ६० अंशांचं पाणी अंगावर पाचेक सेकंद पडलं तरी गंभीर भाजतं. मुलं किंवा वृद्ध वापरत असतील तर नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग वॉल्व्ह (थंड पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) लावाच. उलट, पाणी दिवसेंदिवस २० ते ४५ अंशांत पडून राहिलं तर त्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. ढगाळ आठवड्यानंतर टाकी एकदा ६० च्या वर न्या. त्यासाठी विजेची कॉइल बसवलीत तर अर्थिंग आणि विजेच्या गळतीचा ब्रेकर हवाच. कॉइल संध्याकाळी चालू करा. सकाळी केली तर तुम्ही सूर्याचं काम विजेकडून करून घेताय.

नंतर लागणारी कामं

काच पंधरवड्याला धुवा, सकाळी, काच गार असताना. पाणी जड असेल तर ६० अंशांच्या वर नळ्यांत क्षार भराभर बसतात. वर्षातून एकदा पॅनल टाकीपासून तोडून त्यात सायट्रिक ॲसिडचं द्रावण काही तास भरून ठेवा, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. 

हवा ३-४ अंशांवर असतानाही निरभ्र रात्री पॅनल शून्याखाली जाऊ शकतं. अशा रात्रीच्या आधी पॅनल आणि टाकीमधले दोन्ही कॉक बंद करून पॅनल रिकामं करा, कारण गोठलेलं पाणी तांब्याची नळी लांबीने फाडतं. आणि आठवडाभर घर बंद ठेवणार असाल तर निघताना पॅनलवर जाड कापड टाकून दोरीने बांधून जा.